गाठ मी सोडली, भाऊजी

भाऊजी, तुम्ही गेल्याची तार सकाळी आली आणि दुपारी उज्जैनच्या टावर चौकात मी तुमच्यासाठी भांडले. नीमचला निघायचं म्हणून फ्रीगंजात कापूर घ्यायला गेले होते. दुकानदार पुडी बांधता बांधता शेजारच्याला म्हणाला, “सुना? वो हड्डी छाननेवाला दरोगा गुजर गया.” शेजारचा म्हणाला, भोगना तो था ही. या लोकांना इतक्या लवकर कळतं तरी कसं, देव जाणे.

मी पुडी परत त्याच्यासमोर सरकवली. म्हटलं, त्यांचं नाव विष्णुपंत दांडेकर. या स्टेशनवरून जी अफू पुढे गेली नाही ती त्यांच्यामुळे गेली नाही, आणि तुमचा कापूर तुम्हालाच लखलाभ. बिचारा हात जोडायला लागला. बाईजी, मैंने कहाँ रखा नाम, सब यही कहते हैं. तेच तर माझं दुखणं आहे. सब यही कहते हैं. हाडं चाळणारा. तुमची सगळी नोकरी, सगळा जन्म, आणि गावाने त्यातलं एवढंच उचलून ठेवलं. मी दुसऱ्या दुकानातून कापूर घेतला आणि रस्ताभर रडले, दुःखाने कमी आणि रागाने जास्त.

तुम्हाला माझा राग ठाऊक आहे. त्या रागापायीच तर तुम्ही मला या कामात ओढलंत.

हे गेले तेव्हा मी पांढऱ्या कपाळाने माजघरात बसून होते. हे तुमच्याच ठाण्यात होते, तुमच्या हाताखाली, म्हणून तुम्ही मला वहिनी म्हणायचात आणि मी तुम्हाला भाऊजी. तुम्ही आलात, माझ्या सासऱ्यांसमोर, दादासाहेबांसमोर बसलात, आणि त्यांना सरळ म्हणालात की सूनबाईंना नोकरी आहे. नुकताच मध्य भारत झाला होता. ग्वाल्हेर, इंदूर, रतलाम, जावरा, सगळ्या रियासती एका दोरीत ओवल्या होत्या, आणि त्यांच्या जुन्या सीमांवरून जी अफू बिनदिक्कत इकडून तिकडे जायची ती अडवायला संयुक्त पथक निघालं होतं. पोलीस, आबकारी, रेल्वेचे पोलीस आणि केंद्राच्या अफू खात्याचा एक माणूस. शेतकऱ्याने परवान्याने पिकवलेली अफू सरकारात जमा व्हायची. दडवून ठेवलेली मुंबई-कलकत्त्याकडे निघायची. आणि ती न्यायच्या बाया. घागऱ्यात, चोळीत, पोराच्या दुपट्यात. तेव्हा झडतीला बाई हवी.

दादासाहेबांच्या वडिलांचे वडील शिंद्यांच्या दफ्तरात होते, हे त्यांनी तुम्हाला त्या दिवशीही ऐकवलं. मग विचारलं, आमच्या घरची बाई परक्या बायांचे घागरे चाचपणार?

तुम्ही म्हणालात, “दादासाहेब, घरच्या बाईने नाही चाचपले तर शिपाई चाचपतील. मग त्या बाया कोणाच्या घरच्या?”

दादासाहेब पानाचा डबा उघडून बसले. मी आतून सगळं ऐकत होते. माजघरातून उठले आणि दारातल्या वहाणा पायात घातल्या, तेवढंच माझं उत्तर. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. नंतर तिखटामिठापुरतं बोलावंच लागलं.

आणि काय ते पथक हो आपलं! वरात एक आणि नवरदेव चार. प्रत्येकाची टोपी निराळी, सलाम निराळा, साहेब निराळा. तुम्ही ग्वाल्हेरचे, आबकारीचे जोशी इंदूरचे, आणि तुमच्या दोघांचं भांडण थेट शिंदे-होळकरांच्या काळातलं. पकडलेला माणूस उन्हात उभा, अफूचा गोळा वितळायला आलेला, आणि तुम्ही दोघं पंचनाम्यावर आधी सही कोणाची यावर अडलेले. जोशी म्हणायचे, तुमच्या ग्वाल्हेरला कायदा होता की नुसती पगडी? तुम्ही म्हणायचात, तुमच्या इंदुरात पगडी तरी कुठे शिल्लक आहे. मी मध्ये पडले की दोघं मला गप्प करायचे. पण तुम्हाला तरी काय नावं ठेवू? राजधानीसुद्धा हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायची तेव्हा. सरकारलाच ठरवता येत नव्हतं तर तुम्हाला काय येणार.

तरी माल पकडला जायचा. बाया पकडल्या जायच्या, त्यांच्यामागचे दलालही हळूहळू हाती लागायला लागले. आणि मग एकदम सगळं थंडावलं. गाड्या त्याच, गर्दी तीच, पण कोणाजवळ काही निघेना. जोशी म्हणाले, धंदा बंद पडला, आपण जिंकलो. तुम्ही म्हणालात, “धंदा बंद पडत नाही जोशी, वाट बदलतो.”

ती वाट तुम्हीच शोधलीत. उज्जैनच्या फलाटावर कोणतीही गाडी येवो, त्यातून दोनचार माणसं तरी अस्थी घेऊन उतरतातच. शिप्रेत सोडायला आणतात. इकडे अस्थींना फूल म्हणतात. लाल फडक्यात बांधलेले, गळ्यात अडकवलेले किंवा छातीशी धरलेले फूल. आपले शिपाई अशी माणसं दिसली की हात जोडून बाजूला व्हायचे. मीसुद्धा व्हायचे. त्यांना कोण अडवणार? त्या दिवशी तुम्ही फलाटावर कचोरी खाणाऱ्या एका माणसाकडे बघत उभे राहिलात. मुंडन केलेलं, पांढरं धोतर, सगळं रीतसर. तुम्ही मला हळूच विचारलंत, वहिनी, गाठोडं कुठे आहे बघा. गाठोडं त्याच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर होतं.

तुम्ही म्हणालात, बापाच्या अस्थी कोणी पायाशी ठेवत नाही. खुंटीला टांगेल, झाडाला बांधेल, मांडीवर घेऊन अवघडून बसेल, पण जमिनीवर ठेवणार नाही. आणि खरोखर, वर मूठभर राख आणि खाली काळाभोर गोळा.

तेव्हापासून तुमचा तो रिवाज सुरू झाला. फडक्याला हात लावायच्या आधी तुम्ही बूट काढायचात, कमरेचा चामड्याचा पट्टा काढून शिपायाच्या हातात द्यायचात, नळावर हात धुवायचात, आणि मग अनवाणी, बिनपट्ट्याचे, फलाटावर मांडी घालून बसून गाठ सोडायचात. कधीच कोणा शिपायाला सोडायला लावली नाहीत. बायांजवळचं फडकं असलं तर ते नियमाने माझं काम होतं, तेही तुम्ही माझ्या हातातून काढून घ्यायचात. म्हणायचात, पाप असेल तर एकाच डोक्यावर राहू दे, वाटण्या नकोत. लोक हसायचे. पट्टा उतारनेवाले साहब. जोशींनी वर कळवलं की ड्यूटीवर पट्टा काढणं हा वर्दीचा अपमान आहे. तुम्ही त्यांना म्हणालात, मग अस्थींना कातडं लावून वर्दीचा मान राखू का? त्या दिवशी जोशींनी पहिल्यांदा तुमच्याआधी सही करायचा हट्ट धरला नाही.

मला मात्र ते पटत नव्हतं, आणि मी ते तोंडावर सांगत होते. दहा खोटी गाठोडी निघून जाऊ देत, पण एक खरं उघडू नका, हे माझं म्हणणं. मी स्वतः ह्यांच्या अस्थी त्याच नदीत सोडल्या होत्या. कोणी मध्येच हात घालून त्या चाळल्या असत्या तर मी काय केलं असतं, सांगा. तुम्ही तुमच्या थोरल्या भावाचं सांगायचात. घरातला सगळ्यात हुशार मुलगा, अफूपायी भिंतीला टेकून बसला तो बसलाच, आईच्या तोंडावरची माशीही त्याला दिसेनाशी झाली. आणि आपल्या गल्लीतली ती बाई, जी पोराला अफूची गोळी देऊन कामावर जायची आणि एका संध्याकाळी ते पोर उठलंच नाही. त्यांच्या अस्थींचं काय, वहिनी, असं तुम्ही विचारायचात. मी म्हणायचे, त्यांच्यासाठी जिवंत माणसांची झडती घ्या की. मेलेल्याला कशाला त्रास?

“मेलेल्याला काय लपवायचं असतं, वहिनी? लपवतात ते जिवंत. माझ्या अस्थी आणाल ना, त्या उघड्याच आणा.”

मी म्हटलं होतं, काही अभद्र बोलू नका. आणि चहा तसाच टाकून निघून आले होते.

मग ती म्हातारी आली. तिचं गाव सांगत नाही, तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. मंदसौरकडच्या गाडीने आली, एकटी, भिंतीला टेकून फुटाणे खात बसली. आणि लाल फडकं पायाशी. नुसतं पायाशी नाही, टाचेला टेकलेलं. मला वाटलं, सापडली. मी पुढे झाले, तिची झडती घेतली, अंगावर काही नव्हतं. मग तुम्ही बूट काढलेत, पट्टा काढलात, हात धुतलेत. मी म्हटलं, आज मी सोडते. तुम्ही नुसता हात आडवा धरलात.

तिने अडवलं नाही. खोल ले बेटा, म्हणाली. तुम्ही गाठ सोडलीत आणि आत अस्थी होत्या. फक्त अस्थी. मग हात जोडून तिला म्हणालात, माई, चूक झाली, पण हे खाली का ठेवलं होतं? तेव्हा ती आपल्या माळव्याच्या बोलीत काय म्हणाली ते फक्त तुम्ही आणि मी ऐकलं.

“जनमभर हूँ इनका पग में री. अबे ई म्हारा पग में रेगा.”

जन्मभर मी ह्याच्या पायाशी राहिले. आता हा माझ्या पायाशी राहील. नदी येईपर्यंत तरी. तिच्या कपाळावर जुन्या जखमेची खोक होती, मी झडती घेताना पाहिली होती. पाठीवरही काय काय होतं. ते मी तुम्हालाही सांगितलं नाही.

बघ्यांना काय दिसलं? एक पोलीस, एक उघडं फडकं, आणि एक म्हातारी. झालं. आरडाओरडा सुरू झाला. ती रडत नव्हती, तर दुसरेच तिच्यावतीने रडायला लागले. त्या गर्दीत ज्यांचा माल अडत होता तेही होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. सगळ्यात मोठा गळा त्यांचाच होता. तुम्ही फडकं पुन्हा बांधलंत, छातीशी धरलंत, आणि तिच्याबरोबर अनवाणी थेट घाटापर्यंत चालत गेलात. मागे लोक शिव्या देत होते, पुढे ती म्हातारी फुटाणे संपवत चालली होती. मी तुमचे बूट हातात घेऊन मागून चालत होते आणि तुमच्यावर इतकी संतापले होते की तुमचे पाय पोळताहेत हे मला घाटावर पोचल्यावर दिसलं.

त्यानंतर मी तुमच्याशी धड बोलले नाही. कामापुरतं हो-नाही. मला वाटत होतं, माझं खरं ठरलं आणि तुम्ही ते कबूल करावं. तुम्ही कबूल करणाऱ्यांतले नव्हतात. चौकशी बसली. चार खात्यांचं पथक, शाबासकीला चौघं पुढे यायचे, आता चौघांनी कानावर हात ठेवले. पोलिसांनी आबकारीकडे बोट दाखवलं, आबकारीने रेल्वेकडे. आणि ती चौकशी लोंबकळत असतानाच मध्य भारत मोडला. मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, जबलपूर-रायपूरकडची माणसं इकडे आली, इकडची तिकडे गेली. नव्या राज्यात बढत्यांच्या रांगा लागल्या तेव्हा ज्यांच्यावर चौकशी होती ते शेवटी. तुम्हाला नीमचला कुठल्याशा गोदामाच्या बंदोबस्तावर पाठवलं. स्टेशनवर निरोप द्यायला मी आले होते. तुम्ही म्हणालात, येतो वहिनी. मी म्हटलं, या. एवढं शहाण्यासारखं आपण कधी बोललो नव्हतो, आणि तेच शेवटचं.

आता ऐका, खरं भांडण इथे आहे.

नीमचला जोशी आले होते. इंदूरहून, गुडघे धरून, एकटे. चिता पेटल्यावर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बाई, तुम्हाला ठाऊक नसेल. चौकशीच्या साहेबांनी विष्णुपंतांना वाट दाखवली होती. बयानात एवढंच सांगा की गाठोडं झडतीच्या बाईने आपल्या मनाने सोडलं. बायकांचं सामान, बाईचं काम, नियमाला धरूनच आहे. ती कच्च्या नोकरीतली, तिला काढून टाकू, प्रकरण मिटेल, तुमची बढती तुम्हाला. जोशी तिथे बसलेले होते. म्हणाले, सगळ्यांनाच ते सोयीचं वाटलं, मला पण. विष्णुपंतांनी फक्त तीन शब्द सांगितले. गाठ मी सोडली. साहेबांनी विचारलं, पण का, काही कारण? त्या बाईने काही संशय येण्यासारखं केलं होतं का? तर म्हणाले, नाही. चूक माझी.

म्हणजे त्या म्हातारीचं बोलणंही तुम्ही सांगितलं नाहीत. ते सांगितलं असतंत तर सुटला असतात. फडकं पायाशी ठेवलेलं होतं, तिने मुद्दाम ठेवलं होतं, तिच्या तोंडचे शब्द होते, मी साक्षीला होते. पण मग ते गावी पोचलं असतं, तिच्या मुलांच्या, दिरांच्या कानी गेलं असतं, आणि तिचं उरलेलं म्हातारपण त्यांच्या लाथा खाण्यात गेलं असतं. दोन बायांना झाकण्यासाठी तुम्ही गावाच्या तोंडी पडलात. आणि त्यातली एक बाई तुमच्याशी हो-नाहीच्या पलीकडे बोलत नव्हती.

मला राग याचा आला आहे भाऊजी, की तुम्ही मला विचारलं नाहीत. हे ठरवणारे तुम्ही कोण? मला बोलवायचं होतंत. मी त्या साहेबासमोर उभी राहिले असते आणि म्हटलं असतं, काढा नोकरीतून, पण हा माणूस खोटं बोलणार नाही आणि मीही बोलणार नाही. माजघरातून मला बाहेर काढलंत ते काय पुन्हा पदराआड ठेवायला? माझी नोकरी पक्की झाली, आजही मी त्याच फलाटावर झडती घेते, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की ती मी कमावली. कमावली होतीच. पण तुम्ही ती राखली होतीत. एवढं मोठं देऊन गेलात आणि मला साधं नको म्हणायचीही संधी दिली नाहीत. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. आणि तुमच्यासारखा दुसरा माणूस मी पाहिला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आता तुम्ही काय ते बघून घ्या.

वसंताला शिप्रा नको होती. तुमचा मुलगा वाईट नाही हो, भोपाळच्या कचेरीत राहून जरा भितो एवढंच. म्हणाला, काकू, जवळच मंदसौरला शिवनेत सोडू, नाहीतर होशंगाबादला नर्मदेत. उज्जैनला लोक काहीबाही बोलतील. मी म्हटलं, म्हणूनच उज्जैन. ज्या गावाने नाव ठेवलं त्याच गावाच्या घाटावर. गाडीत तो सामान घेऊन बसला आणि तुम्ही माझ्या मांडीवर होतात. लाल फडक्यात. रतलामला गाडी बदलताना त्याने म्हटलं, द्या, मी धरतो, तुमचे हात दुखत असतील. दुखत होते. दिलं नाही.

उज्जैनला उतरलो. सकाळची गर्दी होती. दारापाशी आपलं पथक उभं. आता नवीन माणसं आहेत, नाव पण नवीन आहे, पण उभे राहायची जागा तीच. हवालदार जबलपूरकडचा, मोठ्या मिशांचा, शांत माणूस. माझ्याबरोबर रोज काम करतो. मला पाहिलं, फडकं पाहिलं, हात जोडून बाजूला झाला. बाईजी, आप तो घर की हैं, निकल जाइए.

आणि मी थांबले. मी तुम्हाला खरं सांगते, आधी काही ठरवलेलं नव्हतं. पण तो हात जोडून बाजूला झाला आणि मला ती सगळी वर्षं दिसली. मी म्हटलं, देखना पड़ेगा. मैं खोलती हूँ.

तो दचकला. “बाईजी, पाप लगेगा.”

“जिनके हैं उन्होंने यह पाप उमरभर अकेले उठाया है. आज मैं उठाती हूँ.”

वसंता मागून कुजबुजला, काकू, लोक बघताहेत. बघू दे. मी वहाणा काढल्या. हवालदाराने माझ्या पायांकडे पाहिलं, मग फडक्याकडे, आणि त्याचा चेहराच बदलला. हळू आवाजात विचारलं, ये वही तो नहीं, पट्टा उतारनेवाले साहब? त्याने तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं. पथकात तुमची नक्कल करून हसतात, ती त्याने ऐकली होती. मी म्हटलं, वही. भाऊजी, तो माणूस हसला नाही. त्याने कमरेचा पट्टा काढला, बूट काढले, आणि कोणी काही न सांगता नळावर जाऊन हात धुऊन आला. मला वाटतं मी तिथेच तुमच्यासाठी पहिल्यांदा नीट रडले.

पण त्याला मी हात लावू दिला नाही. मी फलाटावर मांडी घालून बसले आणि गाठ मी सोडली, भाऊजी. तुम्ही म्हणाला होतात तसे तुम्ही उघडे होतात. लोक जमले. कोणी तोंडात बोट घातलं, कोणी रामराम म्हणालं. वसंता माझ्या शेजारी खाली बसला. न सांगता बसला.

हवालदाराने बघितलं, नमस्कार केला, आणि उभा राहून मागच्या रांगेकडे वळला. मागे फडकंवाले आणखी दोघं होते. पहिला म्हातारा, त्याने स्वतःच आपलं फडकं सोडायला घेतलं. म्हणाला, माँजी ने खोल दिया तो मैं कौन होता हूँ. दुसरा, मुंडन केलेला, पांढऱ्या धोतराचा, तो कुठे दिसेना. त्याचं गाठोडं मात्र होतं. नळाच्या कडेला, जमिनीवर.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची मेल्यावरही गेली नाही.

वर मूठभर राख आणि खाली काळाभोर गोळा. माणूस शेवटी फाटकाबाहेर टांग्यात चढताना सापडला. आपला वाद मिटला असं मात्र समजू नका. खरं गाठोडं उघडू नये असंच मी आजही म्हणते. तुमचं मी उघडलं ते तुम्ही सांगून ठेवलं होतंत म्हणून. यावर तुमचं काय म्हणणं असेल तेही मला ठाऊक आहे, आणि त्याला उत्तर माझ्याकडे तयार आहे.

पंचनामा लिहायला घेतला तेव्हा हवालदाराने विचारलं, सुरुवात कैसे लिखूँ बाईजी, किसकी जाँच से माल मिला? दुकानदार आले होते, हमाल होते, टावर चौकातला तो कापूरवालाही कोणाला तरी घ्यायला आलेला मला गर्दीत दिसला. मी फडक्याची गाठ पुन्हा बांधली, तुम्हाला छातीशी घेऊन उभी राहिले, आणि त्या कापूरवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, लिखिए. विष्णु त्र्यंबक दांडेकर.